वाईट चित्रपटांची खिल्ली: सुरुवात कुठून करावी

एक माणूस आणि त्याचे रोबो वाईट चित्रपट बघत त्यांवर शेरे मारतात, ती अमेरिकी टीव्ही मालिका 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' बघायचीय ना? मग १९८८ च्या पहिल्या भागापासून क्रमाने सुरू करू नका. तेव्हा सूत्रधार जोएल हॉजसन आणि त्याचे रोबो अजून चाचपडत होते, विनोदही विरळ. बहुतेक नवखे इथेच कंटाळून सोडून देतात.

दुसरी चूक म्हणजे थेट 'मॅनोस' या चित्रपटावरच्या भागाला हात घालणं. भाग गाजलेला आहे, पण १९६६ चा मूळ चित्रपट इतका रेंगाळतो की सवय नसलेल्याचा दम निघतो. तो नंतर बघा.

आधी 'स्पेस म्युटिनी' या चित्रपटावरचा भाग लावा. त्यातल्या धिप्पाड नायकाला जोएलनंतरचा सूत्रधार माइक आणि रोबो दर थोड्या वेळाने नवं भारदस्त नाव ठेवतात, ते ऐकताना हसू आवरत नाही.

बघताना एवढं सांभाळा:
- प्रत्येक शेरा कळलाच पाहिजे असा हट्ट नको. बरेचसे जुन्या अमेरिकी टीव्हीवरचे आहेत, सोडून द्या.
- सबटायटल्स लावा, संवाद आणि शेरे एकमेकांवर आदळतात.
- शक्यतो कुणाला तरी सोबत घ्या.

खरी गंमत या मंडळींच्या सोबतीत आहे. चित्रपट कितीही रटाळ असो, ती शेवटपर्यंत तुमच्याबरोबर बसून असतात. जोएल सरस की माइक, हा वाद सध्या बाजूला ठेवा.