सासरे ७२ वर्षांचे आहेत. या वयात व्यायामाने ताकद खरंच वाढते का, की रोजचं चालणं पुरे?

वाढते, आणि नुसतं चालणं पुरत नाही. "आता या वयात काय कमवायचंय" म्हणणाऱ्या सासऱ्यांना १९९० साली प्रसिद्ध झालेला बोस्टनचा प्रयोग सांगा. तिथल्या वृद्धसेवा केंद्रातल्या, नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. (व्यायाम थांबल्यावर मात्र चारच आठवड्यांत ताकद बरीच उतरली.) जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. जिम लागत नाही, घरी एवढं करा:

- भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. खाली बसताना धपकन नाही, सावकाश. स्नायूंचं काम तिथेही होतं. श्वास रोखायचा नाही.
- ओटा धरून टाचा उचलणं.
- ओट्याजवळच एका पायावर उभं राहणं.

रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं का होईना ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि "तब्येतीसाठी करा" म्हणून सासरे उठणार नाहीत. पर्वती चढायची, नातवाला कडेवर घ्यायचं, असलं काही त्यांनाच ठरवू द्या.