वाचक विचारतात: परदेशातले पाकीटमार, तोतया पोलीस आणि हरवलेला पासपोर्ट

प्रश्न: रोम आणि पॅरिसला जात आहोत. कमरेला बांधायचा मनी बेल्ट घेतला आहे. तेवढं पुरेल ना?

बेल्ट चांगलाच, पण दिवसभर त्यातूनच पैसे काढत राहिलात तर तो असून नसल्यासारखा. तिकीट खिडकीपाशी शर्ट वर करून नोट काढलीत की माल कुठे आहे हे बघणाऱ्याला कळलंच. बेल्टमध्ये पासपोर्ट, दुसरं कार्ड आणि राखीव रोकड ठेवा आणि खोलीबाहेर तो उघडू नका. दिवसाच्या खर्चाचे पैसे व एक कार्ड चेनच्या पुढच्या खिशात ठेवा.

पाकीटमार बहुधा टोळीने काम करतात. मेट्रोचं दार उघडतं, पुढचा माणूस दारातच थबकतो, मागचा तुमच्यावर आदळतो. बाजूचा हातावर जॅकेट टाकून खाली चेन उघडतो आणि पाकीट लगेच चौथ्याच्या हातात जातं. म्हणूनच ज्याची कॉलर धरता त्याच्याकडे काही सापडत नाही. दारं मिटायच्या आत सगळे उतरून जातात आणि तुम्ही आतच राहता. रोममध्ये टर्मिनी स्थानकावरून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी 64 नंबरची बस यासाठी बदनाम आहे.

त्यामुळे दाराजवळ उभं राहू नका, आत सरका. बॅग पोटावर घ्या आणि चेनची दोन्ही टोकं एका छोट्या क्लिपमध्ये अडकवा. कुलूपच हवं असं नाही. दोन-तीन सेकंद जास्त लागणार असं दिसलं तरी चोर सहसा दुसरं गिऱ्हाईक बघतो. ‘पाकीटमारांपासून सावध’ ही पाटी वाचली की हात आपोआप खिशाकडे जातो, आणि तो कुठे गेला हे बघायला कोणीतरी जवळपास उभं असू शकतं.

पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी काही जण तुमच्या बोटाला दोरा गुंडाळून गंडा विणायला लागतात. एकदा बोट अडकलं की पैसे दिल्याशिवाय सुटका नाही. हात खिशात ठेवून चालत राहा. थांबून नम्रपणे नकार देण्यातच माणूस अडकतो.

प्रश्न: कार्डाची माहिती हवेतून चोरली जाऊ नये म्हणून खास पाकीट घ्यावं का?

नको. प्रत्यक्षात कार्डं हातचलाखीने, चोरांनी छेडछाड केलेल्या एटीएममधून किंवा फसव्या लिंकवरून जातात. तेच पैसे दुसऱ्या बँकेचं कार्ड घेण्यात घाला आणि ते वेगळ्या बॅगेत ठेवा.

प्रश्न: साध्या कपड्यातल्या ‘पोलिसांनी’ पाकीट तपासायला मागितलं तर?

तोतया पोलिसांचा खेळ ठरलेला असतो. आधी एक अनोळखी माणूस पत्ता विचारतो किंवा पैसे बदलून देऊ का म्हणतो. मिनिटभरात दोघे येतात, ओळखपत्र डोळ्यांसमोरून झपकन फिरवतात आणि ‘खोट्या नोटा तपासायच्या आहेत’ म्हणतात. मोजताना मधल्या नोटा गायब होतात. पाकीट हातात देऊ नका. ‘चौकीवर चला, तिथे दाखवतो’ एवढंच म्हणा आणि त्यांच्या गाडीत बसू नका. युरोपीय संघात 112 लावून, असे पोलीस खरंच पाठवलेत का, हे विचारता येतं. बहुतेक वेळा फोन कानाला लावल्यावर भामटे पसार होतात.

प्रश्न: लंडनमध्ये हातातून फोन हिसकावतात असं वाचलं. तसं झालं तर सर्वांत आधी काय करायचं?

क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा सोबत्याच्या फोनवरून तुमचा फोन लॉक करा, मग सिम बंद करा कारण ओटीपी तिथेच येतात, आणि नंतर बँकेला कळवा. फोन अनलॉक असताना गेला असेल तर एकेक मिनिट महागात पडतं.

खरी तयारी निघण्यापूर्वीची. अँड्रॉइडमध्ये रिमोट लॉक आधीच चालू करून ठेवा, म्हणजे फक्त फोन नंबर टाकून स्क्रीन बंद करता येते. आयफोनमध्ये चोरीपासून संरक्षणाची सेटिंग चालू करा. मग ओळखीच्या जागेबाहेर अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं आणि वर तासभर थांबावं लागतं. सिमला पिन लावा. *#06# डायल करून येणारा आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), बँकांचे नंबर आणि गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घ्या. नाहीतर खात्यात शिरायला हवा असलेला कोड चोरलेल्या फोनवरच येत राहतो!

काही दिवसांनी ‘फोन सापडला, इथे क्लिक करा’ असा मेसेज येऊ शकतो. तो पासकोड काढून घ्यायचा डाव असतो.

प्रश्न: पासपोर्टच गेला तर?

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार द्या आणि लेखी प्रत घ्या. दूतावास ती मागतो. विमा कंपनीलाही ती लागते, आणि बऱ्याच पॉलिसींत 24 तासांत तक्रार केलेली असण्याची अट असते. त्यानंतर पासपोर्टची छायाप्रत, फोटो आणि विमानाचं तिकीट घेऊन आपल्या दूतावासात जा. तातडीचं कागदपत्र मिळतं, पण ते बहुधा फक्त मायदेशी परतण्यापुरतं असतं, त्यामुळे पुढच्या देशाचा बेत रद्द समजा. मुख्य गोम पुढे आहे: व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का जुन्या पासपोर्टवर गेलेला असतो. त्यामुळे काही देशांत देशाबाहेर पडायची परवानगी इमिग्रेशन कार्यालयातून वेगळी काढावी लागते. विमानतळावर जाऊन हे कळलं तर उशीर झालेला असतो. दूतावासातच विचारून घ्या.

प्रश्न: थायलंडमध्ये जेट-स्की भाड्याने घेतल्यावर ‘तुम्ही ओरखडा पाडला’ म्हणून पैसे उकळतात, खरं का?

होतं असं. घेण्यापूर्वी मालकासमोरच सगळ्या बाजूंचा, बुडाचाही व्हिडिओ काढा. मालकाला तो आवडला नाही तर दुसरीकडे जा. पासपोर्ट अनामत ठेवू नका, कारण मग वाद कोणत्या रकमेवर मिटणार हे तो ठरवतो. दमदाटी झाली तर टुरिस्ट पोलिसांना 1155 वर फोन लावा.