कंपनीचा स्टिरिओ बदलताना वायरिंग कापू द्यावं का?

तुमची 2014 ची स्विफ्ट आहे, कंपनीचा स्टिरिओ काढून टचस्क्रीन बसवायचाय आणि दुकानदार म्हणतोय, "वायरी कापून जोडू, काही होत नाही." बटणं चालतील का, आवाज सुधारेल का, हेही तुम्ही विचारलंय.

वायरिंग अजिबात कापू देऊ नका. तुमच्या गाडीच्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) थेट बसणारं हार्नेस, म्हणजे तयार जोडवायरींचा संच, बाजारात मिळतं आणि स्टिरिओच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ असतो. दुकानदार ते टाळतो, कारण वायर सोलून, पिळून टेप गुंडाळली की काम झटपट उरकतं. पण एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्ड तापला की त्या टेपचा गोंद पाघळतो आणि उघडी तार शेजारच्या तारेला लागते.

नव्या युनिटची पिवळी वायर म्हणजे कायमचा बॅटरी सप्लाय, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थिंग. पिवळी आणि लाल उलटसुलट झाल्या की दर वेळी गाडी बंद केल्यावर घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडल्या, तर चावी काढल्यावरही युनिट चालूच राहतं आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. निळी वायर अँटेनाची. छतावरच्या अँटेनात सिग्नल वाढवणारा बूस्टर असेल आणि ही वायर मोकळी सोडली, तर एफएम खरखरतं आणि दोष मात्र नव्या स्टिरिओला लागतो. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीच लावायची नाही, युनिटचा आउटपुट आयसी (स्पीकरला आवाज देणारी चिप) जळू शकतो.

तुमच्या स्विफ्टचा मूळ स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असल्यामुळे त्याच मॉडेलची डबल डिन (टचस्क्रीन युनिटच्या ठरावीक मापाची) फ्रेम लागेल. स्टीअरिंगवरच्या प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स असतो, त्यावरून युनिट बटण ओळखतं. युनिटमध्ये स्टीअरिंग कंट्रोलचा इनपुट असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवता येतं.

आवाजाबाबत स्पष्टच सांगतो: खोक्यावरच्या "50 वॉट × 4" ला भुलू नका. गाडीच्या 14.4 व्होल्टवर, 4 ओहमच्या स्पीकरला युनिटमधला अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजात फार तर 26 वॉट देऊ शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणून मी असतो तर मोठ्या स्क्रीनचे पैसे वाचवून पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर आणि दाराच्या पत्र्याला कंपन शोषणारी डॅम्पिंग शीट घातली असती. फरक पहिल्याच गाण्याला कळतो.

युनिट घेताना बेनामी अँड्रॉइड पॅनेलपेक्षा नावाजलेल्या कंपनीचं, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो असलेलं घ्या. नकाशे, गाणी सगळं फोन चालवतो, त्यामुळे युनिट लवकर जुनं होत नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी एक स्टेशन सेव्ह करा, चावी काढा, थोडं थांबून पुन्हा चालू करा आणि ते टिकलंय का बघा. हेडलाइट लावून स्क्रीन मंद होते का, तेही पाहा. मग बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून चारही स्पीकर वेगवेगळे ऐका. बॅलन्स मधोमध आणल्यावर बेस एकदम पोकळ वाटला, तर एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे, ती तिथेच बदलून घ्या. जुना स्टिरिओ स्क्रूसकट मागून घरी आणा. वायरिंग शाबूत असेल, तर गाडी विकताना तो दहा-पंधरा मिनिटांत परत बसतो आणि नवा तुमच्याकडेच राहतो.