आधी हप्ते, मग चीवर

जय भीम भाऊ. वय एकतीस, नागपूरच्या मिहानमध्ये खासगी नोकरी, फ्लॅटचे हप्ते सुरू. श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) शिबिरातले दहा दिवस झाल्यापासून थायलंडला जाऊन भिक्खू व्हायची हाक आतून येते, आणि आई तयार नाही. काय करू, असं तुम्ही विचारलंय. आपल्या धम्मात देव नाही, तेव्हा हाक देणारा कोण, हे सोडूनच देऊ. मी नागपुरातल्या इंदोऱ्याचा, नऊ वर्षांपासून इकडे थायलंडात, उबोनच्या मठात आहे.

हाक खरी की खोटी, हे इथं कुणी विचारत नाही. उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या विधीच्या वेळी पालीत जे विचारतात ते फार रोखठोक. 'अनणोसि?' कर्ज नाही ना? 'नसि राजभटो?' सरकारी चाकरीत नाहीस ना? 'अनुञ्ञातोसि मातापितूहि?' आईवडिलांची परवानगी आहे? संघासमोर 'आम भन्ते' (होय, भन्ते) म्हणावं लागतं. मिहानवाले राजभट नाहीत, पण तुमचा फ्लॅट कर्जाच्याच प्रश्नात अडकतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा क्रेडिट कार्डाचे ८४ हजार बाकी होते. गुरूंना सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. चौदा महिने नागपूरच्या सदरमध्ये नोकरी करून फेडले.

राजीनामा आताच देऊ नका. सुट्टी काढून पाहुणे म्हणून या. १९७५ मध्ये थाई भिक्खू आचार्य चा यांनी परदेशी शिष्यांसाठी सुरू केलेल्या उबोनच्या वाट पा नानाचाट मठात इंग्रजी चालतं. तीन दिवसांहून जास्त राहायचं तर डोकं, दाढी आणि भुवयासुद्धा काढायच्या. (भुवयांचं मला जास्त लागलं.) पुढे काही महिने पांढरी वस्त्रं, मग श्रामणेर, मग उपसंपदा. लांब मुक्कामाच्या व्हिसाला मठाचं पत्र लागतं.

जेवण एकदाच, सकाळी. पहाटे अनवाणी पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला निघायचं. बारीक खडी पहिले पंधरा दिवस तळव्यांना सोलते. म्हाताऱ्या बाया रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसून बांबूच्या डब्यातला गरम चिकट भात चिमटीनं पात्रात टाकतात, वाकून, एक शब्द न बोलता. तर्री-पोहे आठवतात, खोटं कशाला बोलू.

आईशी भांडू नका. इथं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, मुलाच्या हातात आईवडीलच देतात. माझी आई दीक्षाभूमीला नेसायची तीच पांढरी साडी नेसून आली होती. चीवर देताना हळूच म्हणाली, "रात्री भूक लागली त काय खाशील बाप्पा?" तुमच्या आईचा पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.