अरेका पाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अरेका म्हणून रोप आणलं, शेजारी म्हणतात ही सुपारी. ओळखायचं कसं? (चिपळूण)

उत्तर : आधी बुंधा बघा. आपल्या दिवाणखान्यातला अरेका मूळचा मादागास्करचा. त्याची खोडं बांबूसारखी बेटाने वाढतात, देठ पिवळसर असतात. सुपारी एकाच खोडावर सरळ वर जाते. मात्र कुंडीत पाच-सहा सुपाऱ्या एकत्र रुजवल्या असतील तर बेटाचा भास होतो. अशा वेळी देठांचा रंग बघा, सुपारीचे हिरवेच राहतात. केंटिया पामशीही गल्लत होते. त्याच्या झावळ्या गडद हिरव्या, पाती रुंद आणि खाली झुकलेली. तो फार सावकाश वाढतो म्हणून महाग. कोणी स्वस्तात केंटिया देत असेल तर तो बहुधा अरेकाच!

प्रश्न : देठांवर काळे ठिपके आलेत. कीड आहे का? (डोंबिवली)

उत्तर : नखाने खरवडून बघा. निघाले नाहीत तर ते अरेकाचे जन्मजात ठिपके, औषध मारत बसू नका. टपकन सुटले आणि पान चिकट लागत असेल तर खवले कीड. ओल्या फडक्याने पुसा, मग निंबोळी तेलाची फवारणी करा.

प्रश्न : पाणी रोज घालते, तरी पानांची टोकं करपतात. (नागपूर)

उत्तर : रोज घालता हेच एक कारण असू शकतं. वरची बोटभर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार मातीत साठतात आणि आधी टोकंच जळतात. महिन्यातून एकदा कुंडी बाहेर नेऊन खालून धार लागेपर्यंत पाणी ओता, जमल्यास पावसाचं. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात कोरडी हवाही भर घालते. त्यात लाल कोळी या बारीक किडीला फावतं, म्हणून पानं खालच्या बाजूनेही धुवा. करपलेलं टोक कापताना तपकिरी कड थोडी राहू द्या. हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळतं.

प्रश्न : छताला टेकला, शेंडा छाटू का?

उत्तर : मुळीच नको. पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की ते खोड मेलं. सर्वांत उंच खोड बुंध्यापासून काढा, बाकीची वाढतील.

प्रश्न : मांजर पानं कुरतडतं. विषारी आहे का?

उत्तर : अरेका नाही. पण शेजारी सायकस ठेवला असेल तर तो आजच हलवा. दिसतो पामसारखा, पण तो पाम नव्हे, आणि कुत्र्या-मांजरांच्या यकृतावर घाला घालतो. त्याच्या बिया तर सर्वांत घातक.