आरामनगरला जाण्याआधी

ताई, जळगावहून रात्रीची गाडी धरून सकाळी थेट जाहिरातीच्या ऑडिशनला उभी राहू नकोस. जागरण कॅमेऱ्यात दिसतंच. आदल्या दिवशी पोहोच. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात बंगल्या-बंगल्यांतून कास्टिंगची, म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांची, ऑफिसं आहेत. बाहेर तासभर रांग, आत जेमतेम दोन मिनिटं. नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग डावी-उजवी बाजू, शेवटी हात पुढून-मागून. दागिन्यांच्या, साबणाच्या जाहिरातीत हातच तर दिसतात! अशाच वस्तूची दुसऱ्या ब्रँडची जाहिरात केलीय का, विचारतील. खरं सांग, लपवलेलं पुढे करारात अडतं.

फोटो साधे हवेत: मेकअप नको, केस मागे, खिडकीचा उजेड. माझा पहिला पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायच्या फोटोंचा संच, धुळ्याच्या एका लग्नवाल्या स्टुडिओत काढलेला. तिथल्या फोटोग्राफरने मला इतकं गोरं केलं की कास्टिंगवाल्या बाई फोटो आणि मी, आळीपाळीने बघत बसल्या.

कुणी नोंदणीचे, कलाकार-कार्डाचे पैसे मागितले की उठून ये. एजन्सी कमिशन कापते ते काम मिळाल्यावर, मानधनातून. आणि अहिराणी हेलाची लाज नको, गावाकडची सून हवी असली की तोच शोधतात. निवड झाली तरच फोन येतो. नकार कळवायला सहसा कुणी फोन करत नाही.