पासवर्डच्या मागे लागण्याआधी

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

‘काका, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी सोसायटीचा डेटाबेस सर्व्हर आत घेत नाही,’ असं तू लिहिलंस. बरोबर असेलही. पण लॉगिन अडलं की लोक पहिल्यांदा पासवर्ड बदलतात, आणि जुन्या पासवर्डवर गुमान चालणारी दोन-चार ॲप्लिकेशनंही बंद पाडतात. तू तसं करू नकोस. सर्व्हर तुला कोण समजतोय, ते आधी शोधून काढ.

तू पाठवलेल्या फोटोत एररची ओळ उजवीकडे कापली गेली आहे, आणि हवं होतं ते नेमकं तिथेच. मायएसक्यूएल, म्हणजे तुमचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या १०४५ नंबरच्या (‘प्रवेश नाकारला’) ओळीत युजरचं नाव असतं, ‘ॲट’च्या चिन्हापुढे तू जिथून आलीस ते मशीन असतं, आणि शेवटी कंसात ‘युजिंग पासवर्ड: येस’ किंवा ‘नो’. ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पोचलाच नाही. मग कॉन्फिग (सेटिंगची) फाईल भलत्याच फोल्डरमधली वाचली जातेय का ते बघ. ‘येस’ असेल तर काहीतरी पोचलंय, पण ते तुझ्या मनातलंच असेल असं नाही. मायएसक्यूएलच्या ऑप्शन फाईलमध्ये पासवर्ड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला आणि त्यात हॅश (#) असला, तर हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून दिलं जातं. शिवाय आपल्याकडचं एक खास दुखणं आहे. मराठी कीबोर्ड चालू राहतो, आकडे देवनागरी उमटतात, आणि पासवर्डच्या जागी नुसती टिंबं दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पावत्यांवर दिवसभर मराठी नावं भरणाऱ्या क्लार्कच्या मशीनवर हे पहिलं तपास.

एररचा नंबर २००२ किंवा २००३ असेल तर युजर, पासवर्ड, परमिशन सगळं विसर. तू सर्व्हरपर्यंत गेलेलीच नाहीस. नकार चटकन आला तर सर्व्हिस बंद आहे किंवा त्या पत्त्यावर ऐकत नाहीये; बराच वेळ ताटकळून आला तर बहुधा फायरवॉल किंवा लाईन.

आता मुख्य गोष्ट. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नव्हे, नाव अधिक ठिकाण. आपल्या गावात वरच्या वाडीतला बाबू वेगळा आणि खालच्या वाडीतला वेगळा, तसंच हे. ‘हिशोब’ हा युजर ऑफिसच्या पत्त्यावरून येतो तेव्हा एक, ‘लोकलहोस्ट’वरून, म्हणजे खुद्द सर्व्हरच्याच मशीनवरून, येतो तेव्हा दुसरा. दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, हक्क वेगळे असू शकतात, आणि एकजण अस्तित्वातच नसू शकतो.

मालवणच्या सोसायटीचं लॉगिन दर पावसाळ्यात बिघडतं असं तू म्हणतेस, त्याचं उत्तर मला इथेच दिसतं. झाड पडून लाईन तुटते, मंडळी मोबाईलच्या नेटवर येतात, बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो. सर्व्हरवर खातं बनवलंय ते जुन्या आयपीच्या नावानं. नव्या पत्त्याशी जुळणारं एकही खातं नसेल तर ११३० येतो; दुसऱ्या कुणाचं खातं त्या पत्त्याला लागू पडत असेल पण ‘हिशोब’चं नसेल, तर १०४५ येतो. हा १०४५ पासवर्ड चुकल्यासारखाच दिसतो, म्हणून माणूस तासन्‌तास पासवर्डशी झटापट करत बसतो. यावर सोपा उपाय म्हणून ठिकाणाच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकून सगळ्या जगाला दार उघडं करतात. तेवढं करू नकोस. एसएसएच टनेल लाव किंवा व्हीपीएन दे; दोन्ही म्हणजे सर्व्हरपर्यंतची बंदिस्त, सुरक्षित वाट. टनेल लावलास तर सर्व्हरला तू त्याच्याच मशीनवरून आलेली दिसशील, म्हणजे खातंही त्या ठिकाणाचं लागेल. टनेल जोडल्यावर ‘आता वेगळाच एरर येतोय’ म्हणून फोन येतात ते यामुळेच.

आणखी एक फसवा प्रकार जुन्या सर्व्हरवर सापडतो. ५.६ आणि त्याआधीच्या मायएसक्यूएलमध्ये इन्स्टॉल करतानाच बिननावाचं खातं तयार व्हायचं, नाव रिकामं आणि ठिकाण ‘लोकलहोस्ट’. समज, तुझं खातं ‘हिशोब, कुठूनही’ असं आहे. सर्व्हर खात्यांची यादी लावताना जास्त नेमकं ठिकाण असलेलं खातं वर ठेवतो. त्यामुळे तू त्याच मशीनवरून आलीस की आधी ते बिननावाचं खातं जुळतं, त्याच्याशी तुझा पासवर्ड ताडला जातो आणि तुला नकार मिळतो. बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित चालतं. पासवर्ड न देता गेलीस तर आतही शिरशील, पण सोसायटीचा डेटाबेस उघडायला गेलीस की १०४४, म्हणजे ‘या डेटाबेसवर हक्क नाही’. तेव्हा कसंही करून आत शिरता आलं तर ‘युजर’ आणि ‘करंट युजर’ ही दोन फंक्शनं एकाच सिलेक्ट क्वेरीत चालवून बघ. पहिलं तू कोण म्हणून आलीस ते सांगतं, दुसरं सर्व्हरनं तुला कोणत्या खात्यात धरलंय ते. दोन्हींत नावच वेगळं दिसलं की दुखणं सापडलंच; ठिकाणाच्या जागी नुसतं टक्क्याचं चिन्ह दिसलं तर तो दोष नव्हे.

हे झाल्याशिवाय परमिशनकडे वळू नकोस. कारण ग्रँट (हक्क) तू एका खात्याला देशील आणि माणूस दुसऱ्याच खात्यातून आत येत असेल. ‘शो ग्रँट्स’ (खात्याला कोणते हक्क आहेत ते दाखवणारी आज्ञा) चालव आणि नीट वाच. १०४४ डेटाबेसचा नकार, ११४२ टेबलाचा. मायएसक्यूएल ८.० वर रोल (हक्कांचा गठ्ठा) दिला असूनही काही करता येत नसेल, तर रोल नुसता दिलेला असतो, चालू नसतो. ‘सेट डिफॉल्ट रोल’ करावं लागतं. भल्याभल्यांचा दिवस यात जातो.

चिपळूणचा तो पोस्टग्रेस (दुसरं एक डेटाबेस सॉफ्टवेअर) सर्व्हर तुझ्याकडे आला तर तिथली रीत वेगळी. कुणी कुठून कसं यावं हे ‘पीजी एचबीए’ नावाच्या फाईलमध्ये असतं. ती वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिल्यांदा जुळते तीच अखेरची; तिथे नापास झालीस तर पुढच्या ओळीला संधी नाही. फाईल बदलल्यावर रीलोड लागतो. टेबलावर हक्क देऊन भागत नाही, स्कीमावर, म्हणजे टेबलं ज्या कप्प्यात असतात त्यावर, ‘युसेज’ही हवा. आणि ‘सगळ्या टेबलांवर’ म्हणून दिलेला हक्क आज असलेल्या टेबलांपुरताच असतो. उद्या नवं टेबल आलं की पुन्हा रडारड, त्यासाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’. २०२२ साली आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून नव्यानं बनवलेल्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’ स्कीमात वाटेल त्याला टेबल बनवता येत नाही, हेही ध्यानात ठेव.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरबद्दल एवढंच, की लॉगिन नाकारल्याच्या १८४५६ एररमध्ये समोरच्या स्क्रीनवर स्टेट कायम १ दिसतो. खरा आकडा सर्व्हरच्या लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असा युजर नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. मुद्दामच तसं केलंय, बाहेरच्याला सुगावा लागू नये म्हणून.

वैतागून ‘ग्रँट ऑल’ मारायचा, म्हणजे सगळे हक्क देऊन टाकायचा, मोह तुला होईल. क्लार्कचं काम थांबलेलं, पेट्यांचा टेम्पो बाहेर उभा, मागून चेअरमनसाहेबांचा फोन. तरीही नाही. पावती करणाऱ्याला सिलेक्ट (बघणं), इन्सर्ट (भरणं) आणि अपडेट (बदलणं) पुरतं. डिलीट कशाला? पावती रद्द करायची ती शेरा मारून. आणि ग्रँटनंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ (हक्क नव्यानं वाचायला लावणारी आज्ञा) मारायची सवय लागली असेल तर सोड, त्याची गरज परमिशनची टेबलं थेट हातानं बदलली तरच असते. पूर्ण सर्व्हरपुरता दिलेला हक्क मात्र पुन्हा कनेक्ट झाल्यावरच लागू होतो. म्हणून ‘दिलं तरी चालत नाही’ म्हणणाऱ्याला आधी बाहेर पडून परत यायला सांग.

सोडून गेलेल्या माणसाचं खातं सरळ पुसायचं नाही. एका पतसंस्थेत तसं केलं आणि महिनाअखेरचे रिपोर्ट १४४९ (‘बनवणारा युजरच नाही’) देऊन बसले, कारण रिपोर्टांचे व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) त्या माणसाच्या नावावर होते. खातं लॉक कर. लॉगिन बंद होतं, व्ह्यू चालू राहतात. मग सवडीनं व्ह्यूंवरची नावं बदल.

उद्या मालवणला गेलीस की ती दोन फंक्शनं, ‘शो ग्रँट्स’ आणि एररची पूर्ण ओळ कॉपी करून पाठव, फोटो नको. फोन सातनंतर कर. त्याआधी इथे लाईट आणि रेंज दोन्ही एकदम असतील असं काही सांगता येत नाही.

तुझा,
काका